वाचकांचे प्रश्न : फॉर्म्युला वनचं तिकीट काढताना

२०२६ची सिंगापूर ग्रां प्री ९ ते ११ ऑक्टोबर या तीन दिवसांत आहे आणि मरीना बेच्या ट्रॅकवर पहिल्यांदाच स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशीची छोटी शर्यतही होणार आहे. मुंबईहून साडेपाच-सहा तासांचा विमानप्रवास आणि घड्याळात अडीच तासांचा फरक, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांची पहिली परदेशी शर्यत सिंगापूरचीच असते. या वेळी आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न तिच्याच तिकिटांबद्दल आहेत. अबू धाबी आणि पावसाबद्दलही विचारणा झाली आहे.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र पहिल्यांदाच सिंगापूरला शर्यत बघायला जाणार आहोत. 'वॉकअबाउट' आणि 'ग्रँडस्टँड' यांच्या किमतींत खूप फरक आहे. स्वस्तातलं घेतलं तर गाड्या नीट दिसतील का? (चिंचवड)

ग्रँडस्टँडमध्ये ठरलेलं आसन मिळतं, वॉकअबाउटमध्ये नाही. त्यातूनही गाड्या दिसतील, पण उभं राहून, आणि जागा धरून ठेवायची तयारी असेल तरच. मरीना बे हा शहराच्या रस्त्यांवर आखलेला ट्रॅक आहे. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनसारखे गवताचे उतार तिथे नाहीत. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे आणि त्यावर उंच जाळी असते. वॉकअबाउटवाल्यांसाठी ठिकठिकाणी उंच चौथरे बांधलेले असतात. तिथे जो आधी पोचेल त्याची जागा. रविवारी पुढची रांग हवी असेल, तर दार उघडल्यावर थेट चौथरा गाठायचा आणि मग तिघांपैकी एकाने कायम तिथे थांबायचं. तिघं एकदम जेवायला गेलात तर परत आल्यावर तुमच्यापुढे माणसांच्या चार रांगा असतील.

किमतीच्याही आधी बघायची गोष्ट म्हणजे झोन. सगळा परिसर चार झोनमध्ये विभागलेला असतो. झोन १ पिटच्या (संघ टायर बदलतात त्या जागेच्या) बाजूला, झोन ४ पाडांग मैदानाच्या बाजूला, आणि संध्याकाळच्या मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांचा मुख्य मंच पाडांगवर. झोन ४चं तिकीट असेल तर तुम्ही झोन ४मध्येच फिरू शकता. झोन १चं तिकीट असेल तर चारही झोन खुले. 'प्रीमियर वॉकअबाउट'मध्ये आसन मिळत नाही, पण फिरायला चारही झोन मिळतात. नेहमी होणारी चूक अशी, की एक मित्र पिट स्टँडचं तिकीट काढतो, दुसरा झोन ४चं, आणि आत 'भेटू' असं ठरवतो. झोन ४वाला पलीकडे जाऊ शकत नाही. पिटवाल्यालाच दर वेळी चालत यावं लागतं. तिघांनी तिकिटं काढण्याआधी झोनचं एकमत करा.

आता स्टँड. पिट स्टँडवरून सुरुवातीची रांग, टायरबदल आणि संघांची धावपळ दिसते. गाड्या मात्र समोरून पूर्ण वेगात जातात. डोळ्यांपुढे एक गाडी जेमतेम दोन सेकंद असते. पहिल्या वळणाच्या स्टँडवरून शर्यतीचा पहिला मिनिट सगळ्यात चांगला दिसतो, कारण डावं, उजवं, पुन्हा डावं अशी तीन वळणं लागोपाठ आहेत आणि वीसहून जास्त गाड्या एकदम तिथे घुसतात. २०१७मध्ये पावसात सुरुवातीलाच व्हेटेल, वरस्टॅपेन आणि राइकोनेन या चालकांची जी टक्कर झाली, ती याच भागात. पाडांगच्या स्टँडवर गाड्या हळू जातात, म्हणून चालकाचे हात आणि गाडीची थरथर डोळ्यांना टिपता येते. तिथे एकमेकांना मागे टाकण्याचे प्रसंग कमी घडतात.

स्टँड ठरला की रांग. खालच्या रांगांतून सगळं जाळीतून बघावं लागतं आणि मोबाइलचा कॅमेरा गाडी सोडून जाळीवरच फोकस धरतो. सगळ्यात वरच्या एक तृतीयांश भागातली आसनं घ्या: जाळीच्या वरून दिसतं आणि ट्रॅकचा जास्त लांब तुकडा नजरेत येतो. त्या स्टँडसमोर मोठा पडदा आहे का, हेही नकाशात बघून घ्या. रस्त्यावरच्या ट्रॅकवर तुम्हाला एकूण लांबीचा छोटासा भाग दिसतो. कोण कितव्या क्रमांकावर आहे हे पडद्याशिवाय दहाव्या फेरीनंतर समजत नाही.

एक काळजी घ्या. जुने व्हिडिओ आणि जुने नकाशे बघून जागा निवडू नका. २०२३मध्ये तरंगत्या मंचाच्या जागेचं बांधकाम निघालं म्हणून बे ग्रँडस्टँडकडची चार वळणं काढून तिथे सरळ पट्टा केला. ट्रॅक ५.०६३ किलोमीटरवरून ४.९४० किलोमीटरवर आला, वळणं २३ची १९ झाली आणि फेऱ्या ६१च्या ६२. त्या भागाची जुनी शिफारस आज निरुपयोगी आहे.

तुम्हा तिघांसाठी आमची पसंती 'कॉम्बिनेशन' तिकिटाला. यात तीन दिवस तीन वेगवेगळ्या स्टँडची आसनं मिळतात. पहिल्याच भेटीत ट्रॅकचे तीन चेहरे दिसतात आणि पुढच्या वेळी कुठे बसायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येतं. घेताना रविवारी कोणता स्टँड आहे ते आधी बघा. किमतीतला खरा फरक तिथेच असतो.

प्रश्न : सुट्टी कमी आहे. फक्त रविवारचं तिकीट काढलं तर चालेल का? (नाशिक)

चालेल, मात्र २०२६मध्ये शनिवार सोडू नका. स्प्रिंटच्या आठवड्यात शुक्रवारी एकच सराव सत्र आणि त्यानंतर स्प्रिंटची पात्रता फेरी असते. शनिवारी छोटी स्प्रिंट शर्यत आणि मुख्य पात्रता फेरी (रविवारी कोण कितव्या जागेवरून निघणार ते ठरवणारी), रविवारी ग्रां प्री. म्हणजे शनिवारी एका तिकिटात शर्यतही बघायला मिळते आणि पात्रता फेरीही. मरीना बेवर मागे टाकणं अवघड, त्यामुळे शनिवारची पात्रता फेरी इथे अर्धा निकाल ठरवते.

एका दिवसाची तिकिटं सहसा तीन दिवसांच्या तिकिटांनंतर आणि मोजक्याच स्टँडसाठी विक्रीला येतात. ती येतील या भरवशावर विमानाचं तिकीट आधी काढू नका.

तीन दिवसांच्या तिकिटाची एक दुबळी बाजूही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२३मध्ये लास वेगासला गुरुवारी रात्री चालक साइन्झच्या फेरारी गाडीने रस्त्यावरचं झाकण उखडलं आणि पहिलं सराव सत्र काही मिनिटांतच थांबलं. दुसरं सत्र पहाटे अडीचला सुरू झालं, तोवर प्रेक्षकांना बाहेर काढलं होतं. ज्यांच्याकडे फक्त गुरुवारचं तिकीट होतं, त्यांना अधिकृत दुकानात वापरायचं २०० डॉलरचं व्हाउचर देऊ केलं. तीन दिवसांचं तिकीट असलेल्यांना काहीच नाही. एखादा दिवस वाया गेला तर तीन दिवसांच्या तिकिटातला तेवढा हिस्सा परत मिळेल, असं गृहीत धरू नका.

प्रश्न : तिकिटं कधी आणि कशी काढावीत? विक्री सुरू झाल्या झाल्या सगळं संपतं असं ऐकतो. (सोलापूर)

सगळं संपत नाही. चांगल्या स्टँडच्या वरच्या रांगा संपतात. सिंगापूरची तिकिटं टप्प्याटप्प्याने विक्रीला येतात आणि पहिल्या टप्प्यांत सवलत असते. पुढच्या वर्षीची नोंदणी बहुधा यंदाची शर्यत संपल्यावर लवकरच सुरू होते. आयोजकांच्या संकेतस्थळावर ईमेल नोंदवून ठेवा. टप्पा उघडण्याची तारीख तिथूनच खात्रीने कळते.

विक्रीच्या दिवशी कामं या क्रमाने करा. आदल्या रात्रीच संकेतस्थळावर खातं उघडा, पत्ता आणि मोबाइल क्रमांक देशाच्या कोडसह भरा, एकदा आत-बाहेर करून बघा. कागदावर तीन पर्याय उतरवा: स्टँड, रांगेचा पट्टा, आणि किती डॉलरपर्यंत जायचं. वेळ सिंगापूरची दिली असेल तर त्यातून अडीच तास वजा करा. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसात. दहा-पंधरा मिनिटं आधी पान उघडा आणि आभासी रांगेत शिरा. रांगेत असताना पान रिफ्रेश करू नका आणि चार टॅब उघडू नका. पुष्कळ रांगप्रणालींमध्ये तुमचा क्रमांक त्या ब्राउझरला बांधलेला असतो. रिफ्रेश केलं की शेवटून सुरुवात होते. ऑफिसच्या नेटवरून किंवा व्हीपीएन लावून बसलात तर एकाच पत्त्यावरून खूप माणसं येताहेत असं यंत्रणेला वाटतं आणि ती तुम्हाला अडवते. घरचं नेट किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट बरा.

आत गेलात की आसनं टोपलीत येतात आणि घड्याळ उलटं धावू लागतं. इथे दोन गोष्टी तपासा: दिवस बरोबर आहेत का, आणि आसनं खरोखर शेजारी-शेजारी आहेत का. 'सर्वोत्तम उपलब्ध' निवडलं की यंत्रणा कधी कधी दोन आसनं एका रांगेत आणि तिसरं मागच्या रांगेत देते. नंतर बदल करून मिळणं कठीण. सोबत मूल असेल तर मुलांच्या वयाचा नियम अटींमध्ये वाचा. प्रत्येक शर्यतीत तो वेगळा असतो.

काही शर्यतींत मागणीप्रमाणे भाव चढतो. सिल्व्हरस्टोनने २०२३च्या शर्यतीची तिकिटं विकताना ही पद्धत आणली, तेव्हा लोक रांगेत असतानाच किंमत बदलत गेली आणि संकेतस्थळही कोलमडलं. अशा ठिकाणी आपली वरची मर्यादा आधी लिहून ठेवलेली असेल तर घाईत भलताच आकडा भरला जात नाही.

प्रश्न : टोपलीत तिकिटं आली, पण कार्ड तीनदा नाकारलं गेलं आणि वेळ संपली. बँकेत पैसे आहेत. चूक कुठे? (ठाणे)

चूक बहुधा कार्डाच्या सेटिंगमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या सूचनेनंतर नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार आपोआप चालू नसतात. ग्राहकाने स्वतः चालू करावे लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' अशा दोन वेगळ्या कळा असतात. दोन्ही चालू हव्यात. बरेच जण पहिली चालू करून दुसरी विसरतात. त्याच पानावर आंतरराष्ट्रीय व्यवहाराची रोजची मर्यादा असते. ती पुष्कळदा इतकी कमी ठेवलेली असते की एक तिकीट निघतं, चार निघत नाहीत. चार तिकिटांच्या रकमेपेक्षा दहा टक्के जास्त मर्यादा आदल्या दिवशी ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा खाली आणा.

दुसरं कारण ओटीपी. बँकेचा संदेश उशिरा आला की पैसे भरण्याचं पान वेळ संपल्याचं सांगतं. मोबाइलला नेटवर्क असलेल्या खोलीत बसा, आणि अ‍ॅपवर मंजुरी देण्याची सोय असेल तर ती वापरा. तिसरं कारण म्हणजे एकापाठोपाठ एक प्रयत्न. परदेशी रक्कम, पहिल्यांदाच, तीन मिनिटांत तीनदा, हे बँकेच्या यंत्रणेला चोरीसारखं दिसतं आणि कार्ड काही तासांसाठी बंद होतं. दुसऱ्या प्रयत्नाला दुसरं कार्ड वापरा. ते तयार ठेवणं हाच यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय.

पैसे भरताना पानावर 'रुपयांत भरा' असा पर्याय आला तर तो घेऊ नका. त्यात विक्रेत्याच्या बाजूचा चढा दर लागतो आणि वर तुमची बँकही शुल्क लावू शकते. सिंगापूर डॉलरच निवडा. अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क ३.५ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो. समजा एक तिकीट ४०० डॉलरचं आहे: शुल्क १४ डॉलर, त्यावर कर २.५२, म्हणजे तिकिटामागे १६.५२ डॉलर जास्त. चार तिकिटांचे ६६ डॉलर होतात. हे शुल्क कमी किंवा शून्य असलेली कार्डं मिळतात. वर्षाला एक शर्यत बघणाऱ्याने असं एक कार्ड जवळ ठेवावंच.

पैसे कापल्याचा संदेश आला आणि तिकीट आलं नाही, तर लगेच पुन्हा खरेदी करू नका. आधी खात्यातलं ऑर्डरचं पान आणि ईमेलमधला स्पॅम फोल्डर बघा. ऑर्डर दिसत नसेल तर ती रक्कम बहुतेक वेळा नुसती रोखून धरलेली असते आणि काही दिवसांत सुटते. आयोजकांना लिहिताना तारीख, वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चारच अंक द्या. रक्कम स्टेटमेंटवर पक्की लागली आणि तिकीट नाहीच, तर बँकेकडे लेखी तक्रार नोंदवा; त्यासाठी पडद्याचे फोटो जपून ठेवलेले असले पाहिजेत.

प्रश्न : एका व्हॉट्सअ‍ॅप गटात एकजण 'जाता येत नाही म्हणून' दोन तिकिटं मूळ किमतीत देतो आहे. पीडीएफ पाठवायला तयार आहे. घ्यावीत का? (कोल्हापूर)

घेऊ नका. पीडीएफवरचा कोड दारावर पहिल्यांदा वाचला की संपतो. तीच फाईल दहा जणांना विकली असेल तर सगळ्यात आधी पोचलेला आत जातो आणि बाकीचे नऊ परदेशात दाराबाहेर उभे राहतात. त्या क्षणी तुमची बाजू ऐकायला कोणी नसतं, कारण ऑर्डर तुमच्या नावावर नाही.

विकणारा खरा असेल तर त्याला एकच सांगा: आयोजकांच्या यंत्रणेतून तिकीट माझ्या खात्यावर वळवा. अशी सोय त्या शर्यतीत असेल आणि तिकीट तुमच्या खात्यात दिसलं, तरच पैसे द्या. सोय नसेल तर तो व्यवहार सोडून द्या. मोठ्या पुनर्विक्री संकेतस्थळांवर आणखी एक प्रकार चालतो: अधिकृत विक्री सुरू होण्याआधीच तिकिटं 'उपलब्ध' दिसतात. विकणाऱ्याच्या हातात तेव्हा काहीच नसतं. पुढे स्वस्तात मिळालं तर तो तुम्हाला देणार. रांग आणि आसन क्रमांक दिलेला नसणं ही त्याची खूण. अधिकृत विक्रेत्यांची यादी आयोजकांच्या संकेतस्थळावर असते. दुवा तिथूनच उघडा. शोधयंत्रात वरती येणाऱ्या जाहिरातींवरून जाऊ नका.

प्रश्न : आम्ही दुबईत राहतो. अबू धाबीची शर्यत बघायची तर कोणतं तिकीट? (दुबई)

तुमच्यासाठी ही सगळ्यात सोयीची शर्यत. व्हिसा नको, हॉटेल नको. २०२६ची शर्यत ४ ते ६ डिसेंबरला यास मरीनावर आहे. ट्रॅक ५.२८१ किलोमीटरचा, ५८ फेऱ्या. मुख्य शर्यत संध्याकाळी उन्हात सुरू होते आणि दिव्यांत संपते.

कमी खर्चात बघायचं तर अबू धाबी हिल. गवताचा उतार, ठरलेलं आसन नाही, लवकर पोचून चादर टाकायची. आसन हवं असेल तर नॉर्थ स्टँडचा विचार करा. २०२१मध्ये ट्रॅक बदलला तेव्हा तिथलं वळण रुंद केलं. त्यानंतर लांब सरळ पट्टा येतो, म्हणून वळणातून कोण चांगला बाहेर पडतो यावर पुढची चढाओढ ठरते. शर्यतीनंतर इतिहाद पार्कमध्ये होणारे गाण्यांचे कार्यक्रम त्या दिवसाच्या तिकिटात येतात.

हंगामाची शेवटची शर्यत असल्यामुळे विजेतेपद ठरायचं बाकी असेल तर शरद ऋतूत तिकिटांवर झुंबड उडते. २०२१मध्ये आणि २०२५मध्येही विजेता इथेच ठरला. हे विजेतेपद इथपर्यंत येईल का, याची वाट बघत बसू नका. उन्हाळ्यातच तिकीट काढून मोकळे व्हा. रविवारी रात्री परतताना यास बेटावरून गाडी बाहेर काढायला बराच वेळ जातो. गाणी ऐकून निघालात तर रस्ता मोकळा मिळतो.

प्रश्न : ट्रॅव्हल एजंटकडून विमान, हॉटेल आणि तिकीट असं पॅकेज घ्यावं की सगळं स्वतः करावं? (छत्रपती संभाजीनगर)

स्वतः करणं जमत असेल तर स्वतःच करा. पॅकेज घेणारच असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: स्टँडचं नाव, झोन, कोणते दिवस, आणि तिकीट कोणत्या तारखेला हातात येईल. 'उत्तम दर्जाचं आसन' असे शब्द कोणाला कशालाच बांधत नाहीत. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी तुमच्याकडून आगाऊ घेतलेला कर, लागतो. तो बुडत नाही. विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळता होतो. पॅन बरोबर दिला आहे ना, ते मात्र बघा.

सिंगापूरचा व्हिसा भारतीयांना आधी काढावा लागतो आणि तो अधिकृत व्हिसा एजंटमार्फत होतो. शर्यतीच्या तिकिटाने व्हिसा मिळण्याची हमी मिळत नाही, म्हणून पासपोर्टची मुदत आणि कागद आधी नीट करा. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरायचं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी पानं दिसली तर बंद करा.

हॉटेलचे दर त्या आठवड्यात फार चढतात, मरीना बेच्या परिसरात तर सर्वांत जास्त. रद्द करता येणारी खोली तिकिटाच्याही आधी धरून ठेवा. लिटल इंडियाचा परिसर आपल्या लोकांना सोयीचा: शाकाहारी जेवण पावलोपावली, आणि तिथून डाउनटाउन मार्गाची मेट्रो न बदलता प्रोमनाड स्थानकाला, म्हणजे ट्रॅकच्या दाराशी नेते.

प्रश्न : वडील व्हीलचेअर वापरतात. त्यांना नेता येईल का? (सातारा)

नक्की येईल. सिंगापूरसह बहुतेक मोठ्या शर्यतींत व्हीलचेअरसाठी वेगळे चौथरे आणि सोबत्याची जागा असते. या जागा अगदी मोजक्या असतात आणि नेहमीच्या खरेदीच्या पानावर सहसा दिसत नाहीत. आयोजकांना थेट लिहावं लागतं. साधं स्टँडचं तिकीट काढून 'तिथे गेल्यावर बघू' असं करू नका. स्टँड लोखंडी पायऱ्यांचे असतात. लिहिताना व्हीलचेअर हाताने ढकलायची की विजेवरची, सोबत किती जण, आणि कोणतं स्थानक वापरणार ते सांगा. कोणत्या दाराने आलं की पायऱ्या लागत नाहीत, हेही त्यांच्याकडूनच विचारून घ्या; शर्यतीच्या दिवसांत नेहमीचे रस्ते बंद असतात आणि मोबाइलवरचा नकाशा ते दाखवत नाही.

प्रश्न : पावसाने शर्यत बिघडली तर पैसे परत मिळतात का? (मडगाव)

पाऊस पडला, उशीर झाला, फेऱ्या कमी झाल्या, तरी सर्वसाधारणपणे नाही. बेल्जियममध्ये २०२१ला स्पाच्या ट्रॅकवर लोक दिवसभर पावसात बसले आणि सेफ्टी कारच्या (सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागे मोजक्या फेऱ्या होऊन निकाल लागला. नियमाच्या भाषेत ती शर्यत 'झाली'. तिकिटाच्या अटींत हाच शब्द शोधा: कार्यक्रम रद्द झाला तर काय, आणि वेळापत्रक बदललं तर काय. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात. मेलबर्नची २०२०ची शर्यत कोविडमुळे शुक्रवारी सकाळी, लोक दाराशी असताना रद्द झाली. तिथे तिकिटाचे पैसे परत दिले गेले. विमान आणि हॉटेलचे पैसे मात्र आयोजक कधीच देत नाहीत. त्यासाठी प्रवासविमा घेताना 'कार्यक्रम रद्द झाल्यास' हे कलम आहे का ते विचारा. साध्या विम्यात ते सहसा नसतं.

सिंगापूरला २०२२मध्ये पावसामुळे शर्यत तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली. अशा रात्री छत्री कामाची नाही, कारण स्टँडवर ती उघडली की मागच्याचं दिसणं बंद होतं. पातळ रेनकोट आणि मोबाइलसाठी झिपची प्लास्टिक पिशवी घ्या.

प्रश्न : परदेशी जाणं परवडत नाही. भारतात काय बघता येईल? (नागपूर)

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला. २०२३मध्ये फेब्रुवारीत हैदराबादला फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली आणि सप्टेंबरमध्ये बुद्धवर मोटोजीपी ही मोटरसायकलींची. पुढच्या वर्षी दोन्ही झाल्या नाहीत. म्हणून भारतातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीचं तिकीट काढताना परत करता येईल असंच रेल्वेचं किंवा विमानाचं तिकीट घ्या.

राष्ट्रीय शर्यतींकडे आपण विनाकारण पाठ फिरवतो. चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइम्बतूरचं कारी स्पीडवे या दोन ठिकाणी गाड्या आणि मोटरसायकलींच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. खर्च परदेशाच्या तुलनेत नगण्य, आणि गाडीची तयारी जितक्या जवळून बघायला मिळते तितकी फॉर्म्युला वनमध्ये महागड्या पॅडॉक (संघांच्या आतल्या परिसराच्या) तिकिटाशिवाय मिळत नाही. शर्यत वाचायला शिकायचं असेल तर एक शनिवार-रविवार तिथे घालवाच.

प्रश्न : सिंगापूरला रविवारी रात्रीचंच परतीचं विमान घेतलं आहे. शर्यत आठला सुरू होते. जमेल का? (पुणे)

जमणार नाही, शक्य असेल तर आजच बदला. शर्यतीला धावण्याची मर्यादा दोन तासांची असली तरी मध्ये लाल झेंडा लागून थांबली तर एकूण तीन तासांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे अकरा वाजू शकतात. त्यानंतर हजारो लोक सिटी हॉल, एस्प्लनेड आणि प्रोमनाड या स्थानकांकडे एकदम वळतात. मेट्रो त्या रात्री उशिरापर्यंत चालते, पण फलाटावर पोचायलाच वेळ लागतो. सोमवारी दुपारचं विमान घ्या. मेट्रोसाठी वेगळं कार्ड लागत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड दारावर चालतं, फक्त त्याचा 'आंतरराष्ट्रीय' आणि 'टॅप' व्यवहार अ‍ॅपमधून चालू केलेला असावा. रिकामी पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि आत भरून घ्या. २०२५मध्ये उष्म्यामुळे चालकांसाठी धोक्याची सूचना पहिल्यांदा याच शर्यतीत दिली गेली. स्टँडवर तीन तास बसणाऱ्यालाही चांगलाच घाम येतो, म्हणून सुती कपडे घाला आणि बूट चालायचे घ्या. झोन ४पासून पिटपर्यंतची पायपीट दिवसातून दोनदा तरी होते.